कळव्याची एसी लोकल आणि किगालीची रात्र

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. बोलताना मध्ये मध्ये आलेली 'म्हणजे' आणि 'ॲक्चुअली' तेवढी गाळलीत, बाकी जसं बोलणं झालं तसं.

तारीख १९ ऑगस्ट २०२२, शुक्रवार, सकाळची गर्दीची वेळ. कळवा कारशेडमधून ठाण्याकडे निघालेली एक एसी लोकल प्रवाशांनी रुळांवर उतरून अडवली.

ज्यांनी कळवा फक्त खिडकीतून पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ठाणे सोडलं, खाडी ओलांडली की कळवा. बदलापूर, कल्याण, डोंबिवलीकडून येणाऱ्या गाड्या इथे पोचेपर्यंत इतक्या भरलेल्या असतात की सकाळी आठला आत शिरणं हाच एक पराक्रम. मग कळवेकरांनी आपली एक तोड काढली. ठाण्याहून सुटणाऱ्या काही लोकल रात्री कळव्याच्या कारशेडमध्ये मुक्कामाला असतात आणि सकाळी रिकाम्या ठाण्याला जातात. लोक चालत कारशेड गाठायचे, खडीवरून उंच पायरीवर पाय टाकून चढायचे, आणि बसून ठाण्याला जायचे. नियमात हे बसत नाही, कारण ते स्टेशनच नाही. पण वर्षानुवर्षं चाललं होतं.

त्या आठवड्यात मध्य रेल्वेने दहा साध्या फेऱ्या एसी केल्या. एसी फेऱ्या ५६ च्या ६६ झाल्या. नव्या गाड्या वाढल्या नव्हत्या, हे लक्षात घ्या. साधी गाडी काढून त्याच वेळेला एसी गाडी लावली होती. एसी लोकलची दारं बंद असतात, त्यामुळे कारशेडमधून चढायचा प्रश्नच मिटला. आणि पास साध्या सेकंड क्लासच्या पासाच्या कितीतरी पट. ज्याला परवडत नाही त्याने मागच्या साध्या गाडीत, म्हणजे आधीच तुंबलेल्या गाडीत, घुसायचं. कळव्यानंतर बदलापूरलाही लोक चिडले. २५ ऑगस्टला रेल्वेने त्या दहा फेऱ्या मागे घेतल्या.

आता दुसरी बातमी. २६ ऑगस्ट २०२२ ला, म्हणजे बरोबर दुसऱ्या दिवशी, भारत सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या हवामान कार्यालयाकडे एक कागद दाखल केला. पॅरिस कराराखाली आपण २०३० पर्यंत काय काय करू, याचं सुधारित वचनपत्र. अर्थव्यवस्थेच्या प्रत्येक रुपयामागे होणारं प्रदूषण २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी कमी करू, वीजनिर्मितीच्या क्षमतेपैकी साधारण ५० टक्के क्षमता कोळसा-तेल-गॅस सोडून इतर स्रोतांची असेल, वगैरे.

या दोन बातम्या एकमेकींच्या शेजारी कुणी छापल्या नाहीत, छापायचं कारणही नव्हतं. पण भांडण एकच आहे. डबा एक, जागा मोजकी, आधी चढलेले खिडकीपाशी ऐसपैस बसलेत, आणि नंतर चढलेल्याला सांगितलं जातं, 'गर्दी फार झाली, आता तुम्ही चढू नका.' गेली पस्तीसेक वर्षं जगातले देश तापमानवाढीवर बोलायला बसतात तेव्हा मुद्दा फिरून फिरून इथेच येतो. कोण सरकणार?

हा इतिहास एरवी कोळसा आणि तेलाच्या बाजूने सांगतात. आज आपण तो एसीच्या गॅसच्या बाजूने सांगू. कारण एक तर ती गोष्ट कमी लोकांना माहीत आहे, आणि दुसरं म्हणजे त्यात चक्क थोडंफार यश आहे!

सुरुवातीला फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असले विषारी वायू असायचे. गळती झाली की माणसं मरायची. १९२८ च्या सुमारास अमेरिकेत थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक नवा पदार्थ शोधला. जळत नाही, वास नाही, विष नाही. सीएफसी, बाजारातलं नाव फ्रेऑन. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच मिजलीची, म्हणजे एकाच माणसाने हवेचं दोनदा वाटोळं केलं. पण त्या वेळी फ्रेऑन हा चमत्कारच होता.

पुढचा माणूस आपल्याकडचा. वीरभद्रन रामनाथन. साठच्या दशकात इंजिनिअर होऊन सिकंदराबादच्या एका फ्रिजच्या कंपनीत लागले. काम काय, तर फ्रिजमधला गॅस का गळतो ते शोधायचं. काम कंटाळवाणं वाटलं, पुढे शिकायला बंगळुरूला गेले, तिथून अमेरिकेला. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या दोन शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा सीएफसी वर जाऊन ओझोनचा थर खातो. रामनाथननी विचार केला, वर जाऊन हा आणखी काय करत असेल? १९७५ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की सीएफसी उष्णताही अडकवतो, आणि तीही भयंकर. सीएफसीचा एक रेणू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार रेणूंइतका भारी. तोपर्यंत तापमानवाढ म्हणजे फक्त कार्बन डायऑक्साइड असाच समज होता. सिकंदराबादला ज्या गळतीचा कंटाळा आला होता, तीच गळती अख्ख्या जगाचा प्रश्न निघाली.

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं छिद्र जगाला कळलं आणि १६ सप्टेंबर १९८७ ला कॅनडात माँट्रियल करार झाला. सीएफसी हळूहळू बंद करायचे. सगळे खूश. भारत आणि चीन मात्र बाहेर.

का? कारण ओझोन खाल्ला कुणी? त्या वेळी जगातल्या सीएफसीचा फार मोठा हिस्सा श्रीमंत देश वापरत होते. आपल्याकडे फ्रिज असलेलं घर म्हणजे शेजाऱ्यांच्या बर्फाची सोय. आणि पर्यायी गॅसची पेटंट कुणाकडे, तर ज्यांनी आधीचा गॅस विकून पैसा केला त्याच कंपन्यांकडे. म्हणजे घाण त्यांनी करायची, साफसफाईचा साबण त्यांनीच विकायचा, आणि पैसे आपण द्यायचे. जून १९९० मध्ये लंडनला बैठक झाली तेव्हा आपल्या पर्यावरणमंत्री मनेका गांधी होत्या. भारत आणि चीनने धरून ठेवलं की पैसा आणि तंत्रज्ञान दिल्याशिवाय सही नाही. शेवटी एक निधी उभा राहिला. सुरुवातीला १६ कोटी डॉलरचा, आणि भारत-चीन आले तर २४ कोटींचा. गरीब देशांना कारखाने बदलायचा जादा खर्च त्यातून मिळणार होता. शिवाय त्यांना दहा वर्षं जास्त मुदत. १९९२ मध्ये भारत करारात आला. आणि दिलेला शब्द पाळलाही. २०१० ची मुदत असताना आपण सीएफसीचं उत्पादन २००८ मध्येच थांबवलं.

हे थोडं तपशिलात सांगितलं, कारण पुढे जे काही जमलं ते या नमुन्यावर जमलं आणि जे फसलं ते हा नमुना सोडल्यामुळे फसलं. निदान माझं तरी तसं मत आहे.

आता मोठी भांडणं. १९९१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटच्या अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी एक छोटी पुस्तिका काढली. झालं असं होतं की वॉशिंग्टनच्या एका संस्थेने देशांची यादी काढून भारताला सर्वात जास्त हरितगृह वायू सोडणाऱ्या पाच देशांत बसवलं होतं. या दोघांनी विचारलं, अहो, माणशी किती ते बघा ना! भाताच्या खाचरातून निघणारा मिथेन आणि अमेरिकेतल्या दुसऱ्या-तिसऱ्या मोटारीचा धूर एकाच मापाने कसा मोजता? जगण्यासाठी होणारं उत्सर्जन वेगळं आणि चैनीसाठी होणारं वेगळं.

या युक्तिवादाचं वजन पडलं. १९९२ मध्ये ब्राझीलच्या रिओ शहरात हवामानाचा मूळ करार झाला, त्यात 'जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही' हे तत्त्व आलं. १९९७ मध्ये जपानच्या क्योटोमध्ये त्याला आकडे लागले. श्रीमंत देशांनी १९९० च्या तुलनेत सरासरी ५.२ टक्के कपात करायची, २००८ ते २०१२ या काळात. आपल्यासारख्यांना आकड्याचं बंधन नाही. पण करार व्हायच्या आधीच, जुलै १९९७ मध्ये, अमेरिकेच्या सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की भारत-चीनवर बंधन नसेल तर आम्हीही येणार नाही. २००१ मध्ये धाकट्या बुशनी क्योटोकडे पाठच फिरवली. खिडकीपाशी बसलेला उठलाच नाही. करार कसाबसा २००५ मध्ये लागू झाला.

क्योटोत एक गंमत होती, आणि तिचा आपल्या गॅसशी संबंध आहे. श्रीमंत देशाने स्वतः कपात करण्याऐवजी गरीब देशात कपात करवून घ्यायची आणि तिचं प्रमाणपत्र विकत घ्यायचं. यालाच आपल्याकडे कार्बन क्रेडिट म्हणायला लागले. आता एसीत भरायचा आर-२२ नावाचा गॅस बनवताना एचएफसी-२३ नावाचा एक वायू फुकटात तयार होतो. क्योटोच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट तापदायक. म्हणजे एक टन जाळला की ११,७०० क्रेडिट! आणि जाळायला खर्च किती, तर त्या मानाने चिल्लर. गुजरातमधल्या रणजितनगरचा कारखाना आणि सुरतेजवळचा नवीन फ्लोरीन, दोघांनी हे प्रकल्प केले. नवीन फ्लोरीन मफतलाल समूहाची. कळव्यात मफतलाल म्हटलं की बंद पडलेली कंपनी आणि थकलेल्या देण्यांची वाट पाहणारे कामगार आठवतात. त्याच नावाच्या छत्राखालचा दुसरा कारखाना जगाच्या बाजारात हवा जाळून पैसे कमवत होता. जगभर टीका झाली की काही कारखाने जाळायला मिळावा म्हणून गॅस जास्त बनवतात की काय. २०१३ पासून युरोपने ही क्रेडिट घेणंच बंद केलं.

इकडे एसीच्या गॅसचं काय चाललं होतं? सीएफसी गेले, त्यांच्या जागी आधी आर-२२ च्या जातीचे गॅस आले, मग एचएफसी. ओझोन वाचला. पण एचएफसी तापमानवाढीच्या बाबतीत तितकेच वाईट. साध्या खोलीच्या एसीत साधारण किलोभर गॅस असतो. एक किलो आर-२२ हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या हिशोबात तो अंदाजे १८०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो. त्यानंतर आलेला आर-४१०ए, सुमारे २१०० किलोइतका. घर बदलताना मेकॅनिक पाइप सोडतो आणि फुस्स आवाज येतो ना, तो आवाज म्हणजे हे.

ठाणेकरांना हा धंदा परका नाही. १९५४ मध्ये टाटा आणि स्विस व्होल्कार्ट कंपनी मिळून व्होल्टास झाली, तिचा ठाण्यातला कारखाना जुन्या लोकांना पत्त्याची खूण म्हणून माहीत आहे. ब्ल्यू स्टारचाही ठाण्यात कारखाना होता. म्हणजे गार हवा बनवणारी माणसं इथे राहत होती, पंख्याखाली.

मग डिसेंबर २०१५, पॅरिस. आपले पर्यावरणमंत्री तेव्हा पुण्याचे प्रकाश जावडेकर. क्योटोचा वरून आकडा ठरवायचा मार्ग सोडून दिला गेला. प्रत्येक देशाने स्वतःच काय झेपेल ते सांगायचं, दर पाच वर्षांनी वाढवायचं. ध्येय, तापमानवाढ २ अंशांच्या बरीच खाली आणि जमलं तर १.५ अंशावर रोखायची. हवामान न्याय आणि शाश्वत जीवनशैली हे शब्द प्रस्तावनेत आले, त्यासाठी भारताने जोर लावला होता. शब्द आले. पैशाचा प्रश्न मात्र तसाच भिजत पडला, तो पुढेही प्रत्येक परिषदेत भिजतच राहिला.

खरी मजा पुढच्या वर्षी, रवांडाच्या किगाली शहरात. ऑक्टोबर २०१६. माँट्रियल कराराचीच बैठक, विषय एचएफसी. या गॅसने ओझोनला काही होत नाही, मग ओझोनच्या करारात तो कशाला, असा भारताचा आधी बराच काळ आक्षेप होता. पण एप्रिल २०१५ मध्ये भारताने आपणहून एक प्रस्ताव दिला. कमी करू, पण मोजमाप २०२८ ते २०३० या वर्षांवरून धरा.

हे मोजमापाचं नीट समजून घ्या, सगळी मेख तिथे आहे. समजा सोसायटीने ठरवलं की टँकरचं पाणी कमी करायचं, आणि प्रत्येक घराचा कोटा गेल्या तीन वर्षांच्या वापरावरून ठरवायचा. चौथ्या मजल्यावर नुकतं लग्न झालेलं जोडपं आहे, आज दोन माणसं, उद्या पोरं होतील, आईवडील गावाहून येतील. तळमजल्यावर बाथटब आहे. गेल्या तीन वर्षांवरून कोटा ठरला तर बाथटबवाला खूश आणि वरचे कायमचे तहानलेले. म्हणून वरचे म्हणणार, आमचं घर भरू द्या, मग मोजा. भारतात तेव्हा शंभरातल्या आठेक घरांतच एसी होता. मोजणी जितकी उशिरा, तितकं आपलं छत उंच. अर्थात गॅसही तितका जास्त. हेही खरं.

वाटाघाटी रात्रभर चालल्या आणि १५ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे तोडगा निघाला. जगाचे तीन गट पडले. श्रीमंत देशांनी २०१९ पासून कपात सुरू करून २०३६ पर्यंत ८५ टक्क्यांवर न्यायची. चीनसह बहुतेक विकसनशील देशांनी २०२४ ला वाढ थांबवायची. आणि तिसरा गट दहा देशांचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखाती देश. यांची मोजणी २०२४, २०२५, २०२६ या तीन वर्षांवरून. २०२८ ला वाढ थांबवायची, २०३२ ला १० टक्के कपात, मग २०३७ ला २०, २०४२ ला ३०, आणि २०४७ ला एकदम ८५. म्हणजे भारताला २०२८ चं हवं होतं, चारच वर्षं अलीकडे यावं लागलं. भारत आणि पाकिस्तान एकाच बाजूला बसलेले असे करार फार नसतील. दोन्हीकडे मे महिना सारखाच ना!

त्याच आठवड्यात भारताने आणखी एक घोषणा केली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तो मघाचा एचएफसी-२३, ज्याच्यावर क्रेडिटची कमाई झाली होती, तो आता आपल्या पाचही उत्पादकांनी स्वतःच्या खर्चाने जाळायचा. बाहेरून पैसे मागणार नाही. पैशासाठी इतकी वर्षं भांडलेल्या देशाने हे म्हटल्यावर समोरच्यांना बोलायला जागा राहिली नाही.

किगालीचा करार पाळला तर शतकाच्या शेवटापर्यंत अर्ध्या अंशापर्यंतची वाढ टळू शकते, असा अंदाज आहे. एका वायूच्या कुटुंबासाठी हे खूप झालं. भारताने सप्टेंबर २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आणि अमेरिकेच्या ज्या सिनेटने क्योटोला ९५-० ने वाटेला लावलं होतं, तिने २०२२ मध्ये किगाली ६९ विरुद्ध २७ ने मंजूर केला. मन बदललं असं नाही हं. नवे गॅस अमेरिकन कंपन्या बनवतात, करार झाला तर त्यांना गिऱ्हाईक. निम्मा इतिहास असाच घडतो.

गॅस ही अर्धीच गोष्ट, उरलेली अर्धी वीज. कळवेकरांना १२ ऑक्टोबर २०२० आठवत असेल. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. मुंबईचा बराचसा वीजपुरवठा कुठून वळतो, ते त्या सकाळी सगळ्यांना कळलं. ही वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची. म्हणजे एसी लावला की चंद्रपूरला कुठेतरी भट्टीत थोडा जास्त कोळसा पडतो, बाहेर थोडं जास्त तापतं, आणि मग आणखी एक एसी लागतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत कोळसा 'बंद करू' ऐवजी 'कमी करू' हा शब्द भारताने शेवटच्या क्षणी घालायला लावला, त्यावरून आपल्याला शिव्या बसल्या. तेल आणि गॅसचं नाव त्या वाक्यात नव्हतं, हे मात्र कुणी फार बोललं नाही. तेल कुणाचं, गॅस कुणाचा, तुम्हीच विचार करा.

आता तुम्ही म्हणाल, एसी नको तर नको, आमची आजी पंख्यावर जगली. जगली, पण तेव्हा हवा वेगळी होती. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो लोक भर उन्हात बसले. उष्माघाताने १४ माणसं गेली. पारा साधारण ३८ अंशांचा होता, विदर्भातला माणूस त्याला ऊन म्हणणार नाही. पण खाडीकाठच्या हवेत पाणी असतं, घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही की शरीर थंड होत नाही. त्या महिन्यातल्या दमट उष्णतेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने सांगितलं की भारत-बांगलादेशात अशी लाट यायची शक्यता माणसाने केलेल्या तापमानवाढीमुळे किमान ३० पटीने वाढली आहे. कळव्याच्या पत्र्याच्या खोल्यांत एप्रिल-मेची दुपार काय असते, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. ज्याचं जळतं त्याला कळतं.

तेव्हा गारवा ही आता निव्वळ चैन राहिलेली नाही. पण कुणाचा गारवा? २००७ मध्ये ग्रीनपीस इंडियाने एक अहवाल काढला होता, त्याचा सूर असा की भारतातले श्रीमंत गरिबांच्या आड लपतात. जगाच्या व्यासपीठावर आपण माणशी सरासरी दाखवतो, साधारण २ टन, अमेरिकेची १४ च्या आसपास. आकडा खरा आहे. पण ती सरासरी खाली ठेवतो कोण? कारशेडच्या खडीवरून चढणारा. आणि तिच्या जोरावर खोलीखोलीत एसी लावतो दुसराच कुणीतरी. अहवाल निघाला तेव्हा सरकारी वर्तुळात तो कुणाला आवडला नाही. मला विचाराल तर त्यातलं मुख्य म्हणणं आजही तसंच उभं आहे.

म्हणून कळव्याच्या आंदोलनाकडे 'लोकांना सुधारणा नको' अशा नजरेने पाहणाऱ्यांचा मला राग येतो. खरं तर एसी लोकल ही गारव्याची सर्वात शहाणी तऱ्हा आहे. एका गाडीत हजारो माणसं थंड हवा वाटून घेतात. मोटारीत एकट्याने एसी लावून पूर्व द्रुतगती महामार्गावर अडकण्यापेक्षा कितीतरी पटीने बरं. ५ मे २०२२ पासून एसीचं एकेरी तिकीट निम्म्याच्या आसपास आणलं, किमान भाडं ६५ चं ३० झालं, तेव्हा गर्दी वाढलीही होती. पासाचे दर मात्र उतरले नाहीत, आणि रोज जाणारा माणूस पासावर जातो. भर म्हणून गाडी दिली असती तर रुळांवर कोण उतरलं असतं? काढून घेऊन दिली, म्हणून उतरले. लंडनला १९९० मध्ये आपणही हेच म्हटलं होतं की बदल करू, पण त्याचा खर्च सर्वात मागे उभ्या असलेल्याच्या खिशातून नको.

भारताने मार्च २०१९ मध्ये स्वतःचा शीतकरण आराखडा काढला, असं करणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण होतो. २०३७-३८ पर्यंत गॅसची मागणी २५ ते ३० टक्क्यांनी खाली आणायची, गारव्यासाठी लागणारी वीज २५ ते ४० टक्क्यांनी कमी करायची. जानेवारी २०२० पासून नवा एसी चालू केला की आपोआप २४ अंशांवर येतो, तो नियम त्याच सुमाराचा. ठाणे महापालिकेनेही २०२४ मध्ये दिल्लीच्या एका संस्थेबरोबर शहराचा उष्णता कृती आराखडा केला. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत साठाहून जास्त देशांनी गारव्यामुळे होणारं उत्सर्जन २०५० पर्यंत ६८ टक्क्यांनी कमी करायची शपथ घेतली, त्यावर भारताने सही केली नाही. किगालीत जे मान्य केलंय ते करू, त्यापुढचं बंधन नको, अशी आपली भूमिका दिसते. आणि २० जानेवारी २०२५ ला अमेरिकेने पॅरिस करारातून पुन्हा बाहेर पडायचा आदेश काढला. खिडकीवाला पुन्हा पेपर उघडून बसला.

गॅसवर उपाय आहे का? आहे, आणि तो याच लाइनवर आहे. विक्रोळीच्या गोदरेजने २०१२ मध्ये जर्मन मदतीने आर-२९० वर चालणारे एसी बाजारात आणले. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा भाऊ. तापमानवाढीचा आकडा दहाच्याही आत. कुणाचं पेटंट नाही. पण पेट घेतो, म्हणून बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस शिकलेला लागतो. बाकी बहुतेक कंपन्या आर-३२ कडे गेल्या, त्याचा आकडा ६७५. आर-४१०ए पेक्षा बरा, पण प्रोपेनच्या मानाने फारच मोठा.

तर आता गोष्ट येऊन थांबते मेकॅनिकपाशी. २०२४, २०२५, २०२६ ही किगालीच्या मोजणीची तीन वर्षं. या तीन वर्षांत देशात किती एचएफसी बनला, किती आला आणि किती गेला, यावरून आपलं छत ठरणार, आणि २०२८ पासून त्याच्या वर जाता येणार नाही. त्यानंतर जुना गॅस हळूहळू महाग होणार. शीतकरण आराखड्यात एक लाख मेकॅनिकना प्रशिक्षण द्यायचं लिहिलं होतं, गॅस हवेत न सोडता परत सिलिंडरमध्ये कसा ओढून घ्यायचा ते शिकवायला. त्यासाठी एक छोटं मशीन लागतं. पुढच्या वेळी एसीची सर्व्हिसिंग करायला कुणी आलं की विचारून बघा, तुमच्याकडे गॅस परत घ्यायचं मशीन आहे का, आणि ते नेहमीच्या सर्व्हिसिंगचे पैसे किती घेतात आणि मशीन वापरलं तर किती. उत्तरं आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा. कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवलीकडची असतील तर आधी लावू.